गाठ शिजेपर्यंत बोलत राहा

खाकर पहिल्यांदा तिसऱ्या रांगेपर्यंत पोहोचली तेव्हा नायिका मरत होती. ती मोठ्या सावकाशीने मरत असे. अकरा मिनिटे, आणि तीही नायकाच्या मांडीवर डोके ठेवून. त्या अवधीत नायकाने सात वाक्ये बोलायची होती आणि त्यांतले एकही त्याला पाठ नव्हते. म्हणून विंगेत, काळ्या पडद्याआड बसून कुजबुजे ती सात वाक्ये एकेक करून त्याच्या कानात सोडत होते. चौथ्या वाक्याच्या तोंडाशी त्यांच्या घशात काहीतरी अडले. त्यांनी घसा खाकरला. मरणासन्न नायिकेने एक डोळा उघडला. तिसऱ्या रांगेतून कोणीतरी म्हणाले, "आत आणखी एक जण आजारी आहे वाटतं," आणि सभागृह खदखदून हसले. नायिकेने त्या दिवशी चार मिनिटे आधीच प्राण सोडला.

कुजबुजे हे त्यांचे आडनाव नव्हते. सव्वीस वर्षे एकाच मंडळीत प्रॉम्प्टर म्हणून बसल्याबद्दल सहकाऱ्यांनी बहाल केलेली ती पदवी होती, आणि ती इतकी रुळली होती की पगाराच्या पाकिटावरही तीच असे. त्यांची कुजबुज हा खरोखरच पाहण्यासारखा, किंवा खरे तर न ऐकण्यासारखा, प्रकार होता. बारा पावलांवरच्या एका विशिष्ट कानात ती जाई आणि त्या कानाच्या पलीकडे एक इंचही सरकत नसे. इतरांची वाक्ये इतरांना इतक्या नेमकेपणाने पोचवणाऱ्या या माणसावर स्वतःचे एखादे वाक्य मोठ्याने उच्चारण्याची वेळ मात्र क्वचितच आली होती. घरीसुद्धा नाही. त्यांची बायको तरणतलावावर पोहायला शिकवत असे. तिची हाक तलावाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पाण्याखालीही ऐकू जाते, अशी तिची ख्याती होती. पण नवऱ्याशी भांडायला उभी राहिली की तिचे सगळे बळ वाया जाई. ती रागाच्या भरात एखाद्या शब्दाला अडखळली, की कुजबुजे अत्यंत अदबीने तो शब्द पुरवत.

"तुमच्यासारखा... तुमच्यासारखा..."

"...निगरगट्ट," ते हळूच सुचवत.

यानंतर कोणाला भांडता येईल?

घशातल्या अडथळ्याचे कारण थायरॉइडमधली एक गाठ निघाली. लिंबाएवढी, उजव्या बाजूची, दोन वेळा सुई घालून तपासलेली आणि दोन्ही वेळा निरुपद्रवी ठरलेली. निरुपद्रवी हा शब्द डॉक्टरांचा. नाटकाच्या दिग्दर्शकाचे मत निराळे होते.

"पुढच्या महिन्यापर्यंत खाकर बंद झाली पाहिजे," तो म्हणाला. "नाहीतर मी आपल्या नायकाच्या, दादांच्या, कानात ते छोटं यंत्र बसवतो. ध्वनियोजनावाला त्याच्या खोलीतून वाक्यं वाचेल. कुजबुजे, वाईट वाटून घेऊ नका."

कुजबुज्यांनी वाईट वाटून घेतले. पण ते इतके हळू वाटून घेतले की दिग्दर्शकाला कळले नाही. त्या काळ्या पडद्याआडच्या दीड फूट जागेखेरीज जगात त्यांची म्हणावी अशी जागा नव्हती.

पहिल्या शल्यविशारदाने त्यांच्या गळ्यावरून बोटाने एक आडवी रेघ ओढून दाखवली, आणि ती इतक्या सराईतपणे ओढली की कुजबुज्यांना आपण दवाखान्यात आहोत की कोंबड्यांच्या दुकानात, असा प्रश्न पडला. दुसरी डॉक्टर तरुण, ठेंगणी आणि तोंडाची फटकळ होती.

"कापायचं कशाला?" ती म्हणाली. "जागच्या जागी शिजवू. बारीक सुई आत घालायची, टोक तापवायचं, सोनोग्राफीत बघत बघत थोडी थोडी गाठ भाजत जायची. टाका नाही, व्रण नाही, पूर्ण भूल नाही. संध्याकाळी घरी. मग ती मेलेली गाठ शरीरच हळूहळू गिळून टाकतं."

"आणि आवाज?"

"गाठीच्या मागच्या अंगाला, अगदी चिकटून, आवाजाची नस जाते. तिला चटका बसला तर आवाज बसतो. कधी दोन महिने, कधी कायमचा. म्हणून तर तुम्हाला जागं ठेवते. गाठ शिजेपर्यंत तुम्ही बोलत राहायचं. तुमचा आवाज बदलला की मी हात थांबवते."

"काय बोलायचं?"

"काहीही बोला हो! माणसाला बोलायला काय लागतं?"

कुजबुज्यांना याचे उत्तर ठाऊक होते. माणसाला बोलायला संहिता लागते.

ठरलेल्या दिवशी सकाळी बाहेरच्या बाकावर दोघे जण येऊन बसले. एक बायको. दुसरा खुद्द नायक, ज्याला सगळी मंडळी दादा म्हणे. वय एकाहत्तर, भूमिका अजूनही तिशीतल्या प्रियकराची. वीस वर्षांत त्याने एक ओळ पाठ केली नव्हती. आपली मोटार दुरुस्तीला टाकून गॅरेजात वाट पाहणाऱ्या माणसासारखा तो बसला होता.

"वहिनी, किती वेळ लागेल म्हणाले?"

"तासभर."

"शनिवारी प्रयोग आहे."

"ठाऊक आहे, दादा. त्यांना काही झालं तर तुम्हाला किती दुःख होईल, तेही ठाऊक आहे."

आत सुईतली वीज परत नेणाऱ्या चिकटपट्ट्या दोन्ही मांड्यांवर लावून, खांद्यांखाली उशी सारून, गळा छताकडे ताणून कुजबुज्यांना निजवण्यात आले. गळ्यात बधिरतेचे इंजेक्शन गेले. मग सिस्टरने दिवे मालवले. अंधारात एकच चौकोन उजळला, सोनोग्राफीचा पडदा. आणि त्या उजेडात डॉक्टर वाकून आपल्या कामाला लागली.

इथेच घात झाला, पण तो अजून कोणाच्या लक्षात आला नव्हता.

"बोला," डॉक्टर म्हणाली.

कुजबुज्यांनी नाटकाचा पहिला अंक सुरू केला. प्रॉम्प्टर म्हणतो तसा. सर्व पात्रे एकाच सपाट सुरात, नायिकेचा हुंदका आणि नोकराचे "गाडी आली साहेब" यांत काडीचाही फरक न करता. सुईचे टोक तापले. गळ्यात आतल्या आत फुटाणे फुटावेत तसे बारीक आवाज झाले. ऊब जबड्यापर्यंत, मग एका दाढेपर्यंत चढली. पडद्यावर करड्या गाठीत पांढरे ढग उठत होते. एक एक ढग म्हणजे गाठीचा एक एक घास शिजल्याची खूण होती. डॉक्टर समोरच्या भागाकडून मागे मागे सरकत होती.

"दोन भाग झाले," ती म्हणाली. "राहिला मागचा तिसरा. तोच तुमच्या घशावर दाबतोय. आणि तिथेच नस. आता स्पष्ट बोला."

पहिला अंक संपत आला होता. खोलीत अंधार होता. समोर उजेडात एक माणूस काम करत होता. आपण अंधारात होतो. सव्वीस वर्षे विंगेत बसलेल्या शरीराला याहून अधिक सूचना नको होती. कुजबुज्यांचा आवाज आपोआप खाली आला, आणखी खाली आला, आणि शेवटी त्यात नुसता वारा उरला.

डॉक्टरचा हात जागीच गोठला.

"सुई बंद! थंड पाणी द्या, लवकर!" सिस्टरने इंजेक्शन पुढे केले, आणि नसेभोवती गार द्रव सोडण्यात आला. "आवाज गेला यांचा. बोला! मोठ्याने बोला!"

"मी ठीक आहे," कुजबुजे कुजबुजले.

"हे ठीक? हा आवाज आहे?"

"माझा असाच आहे," ते अधिकच हळू म्हणाले. मोठ्याने बोलायची त्यांची इच्छा अगदी प्रामाणिक होती. पण उजेडात कोणी काम करत असता अंधारातून मोठ्याने बोलणे म्हणजे त्यांच्या लेखी भर सभागृहात विजार सोडण्यासारखे होते. घसा तयार होता. सभ्यता आड येत होती.

डॉक्टरने मान हलवली. "नस दुखावली की नाही, ते मला कळल्याशिवाय मी पुढे जाणार नाही. इथेच थांबवावं लागेल. मागचा भाग राहील."

मागचा भाग राहील, म्हणजे खाकर राहील. खाकर राहील, म्हणजे ते छोटे यंत्र येईल. कुजबुज्यांना सर्व काही दिसत होते: दीड फूट जागेत रचून ठेवलेल्या रंगाच्या बादल्यासुद्धा. त्यांनी तोंड उघडले आणि पुन्हा एकदा वारा बाहेर पडला.

"यांचा नेहमीचा आवाज कसा असतो, ते यांच्या घरच्यांना विचारा," डॉक्टर म्हणाली.

टोपी आणि गाऊन चढवून बायको आत आली. दार तिच्यामागे अर्धवटच लागले.

"नेहमीचा आवाज?" ती म्हणाली. "डॉक्टर, पंचवीस वर्षं झाली लग्नाला. मलाही ऐकायचाच आहे."

"तुम्ही यांना ओरडायला लावू शकाल?"

बायकोने बाह्या सावरल्या. ही संधी तिला इतक्या उशिरा आणि इतक्या विचित्र ठिकाणी मिळेल असे तिला वाटले नव्हते. "अहो! ऐकताय का? तुमच्याइतका पुळचट माणूस मी पाहिला नाही! तुम्ही म्हणजे एक नंबरचे... एक नंबरचे..."

"...मेंगळट," टेबलावरून झुळूक आली.

"बघितलंत? शिव्यासुद्धा स्वतःच पुरवतात! कशी भांडू मी?"

सिस्टर तोंडावर हात धरून भिंतीकडे वळली. डॉक्टरने सुई धरलेला हात बदलला. "एकच मिनिट थांबते," ती म्हणाली.

बायकोने नवऱ्याच्या ताणलेल्या गळ्याकडे पाहिले. तिथे, हनुवटीखाली, एक शीर भेदरलेल्या पाखरासारखी उडत होती. हा माणूस आपल्याशी कधी भांडला नाही याचा तिला राग होता. पण तो कधी कोणाशीच भांडला नाही, याचे तिला त्या क्षणी एकाएकी फार वाईट वाटले. तिने आवाज उतरवला आणि गप्पा मारल्यासारखी म्हणाली:

"तुमचे दादा बाहेर चार पेशंट गोळा करून बसलेत. सांगताहेत, प्रॉम्प्टर म्हणजे काय, तर गाडीची स्टेपनी. आपली असावी म्हणून ठेवायची. लागत कधीच नाही."



"लागत नाही?"

कोण बोलले ते पाहायला सिस्टरने दाराकडे मान वळवली. आवाज भरदार होता, किंचित घोगरा, न वापरलेल्या भांड्यासारखा खणखणणारा.

"लागत नाही, म्हणाला?"

"नस शाबूत आहे!" डॉक्टर ओरडली. "सुई चालू! बोलत राहा!"

"अगं, त्याला नायिकेचं नाव माहीत नाही! तीन अक्षरांचं नाव! वीस वर्षं तो तिला 'प्रिये' म्हणतोय, लोकांना वाटतं प्रेम उतू चाललंय!"

"छान. आणखी?" पडद्यावर गाठीच्या मागच्या कडेला एक पांढरा ढग उठला.

"पहिल्या अंकात तिसऱ्या अंकाचं वाक्य बोलला एकदा. 'तू गेलीस आणि हे घर ओकं झालं!' म्हणून हंबरडा फोडला, आणि ती समोर चहाचा कप घेऊन उभी! मी तीन मिनिटांत त्याला जिवंत बायकोपर्यंत परत आणला. मी!"

"दाढेत दुखतंय?"

"दुखू दे! दुसऱ्या अंकात तो खिडकीपाशी जाऊन एकवीस सेकंद गप्प उभा राहतो ना, ज्याच्यावर वर्तमानपत्रांनी रकानेच्या रकाने लिहिले? शब्दांपलीकडची वेदना म्हणे! डॉक्टर, ती वेदना नाही, तो विसरतो! खिडकीमागे मी बसलेलो असतो! तो माझ्याकडे वाक्य मागायला येतो आणि मी ते तीनदा सांगतो, कारण डाव्या कानाने त्याला कमी ऐकू येतं!"

"अगं बाई, खरंच?" सिस्टर म्हणाली. तिने ते नाटक दोनदा पाहिले होते आणि दोन्ही वेळा खिडकीपाशी रडली होती.

"खरं! आणि फुलदाणीतलं पाणी पितो! आणि सहा वेळा एन्ट्री विसरून मेकअपच्या खोलीत झोपला, तर मी नायिकेला गाणं म्हणायला लावलं! तिला गाता येत नाही!"

हा शेवटचा ढग नसेपासून तांदळाच्या दाण्याइतक्या अंतरावर उठला आणि विरला. डॉक्टरने सुई बाहेर काढली, गळ्यावर कापसाचा बोळा दाबला आणि दिवे लावायला सांगितले. उजेड पडला तसे कुजबुजे भानावर आले. भिंतीवरच्या घड्याळात पाहिले तर ते सात मिनिटे सलग, स्वतःच्या मनाने, मोठ्याने बोलले होते. मग त्यांनी दाराकडे पाहिले. ते वीतभर उघडे होते, आणि त्या फटीत दादाचा डोळा होता.

गळ्याला बर्फाची पिशवी लावून त्यांना शेजारच्या खोलीत दोन तास बसवले, तेव्हा दादा आत आला. खुर्ची असूनही तो उभाच राहिला. अशा प्रसंगी उभे राहायचे असते एवढे त्याला ठाऊक होते.

"मी स्टेपनी वगैरे काही म्हटलं नव्हतं," तो म्हणाला. "मी झोपलो होतो. तुझ्या आवाजानं जाग आली."

बायको खिडकीबाहेर पाहू लागली. बाहेर पाहण्यासारखे काही नव्हते. एक माणूस रुग्णवाहिका धूत होता.

"शनिवारी ये," दादा म्हणाला. "तोंड मिटून बस. बघ."

आणि त्याने खरेच केले ते. जे प्रेमाने, पैशाने किंवा लाजेने त्याच्याकडून वीस वर्षांत झाले नव्हते, ते चार दिवसांत रागाने झाले. शनिवारी तो पहिल्या वाक्यापासून शेवटच्या वाक्यापर्यंत घडाघडा बोलत गेला. नायिकेला त्याने नावाने हाक मारली, तेव्हा ती दचकून मागे वळली. कुजबुजे पडद्याआड मिटल्या तोंडाने बसून राहिले. दिग्दर्शक खूश झाला. छोट्या यंत्राची ऑर्डर त्याने रद्द केली, आणि मग प्रॉम्प्टर तरी कशाला, असा विचार त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट उमटला. महिनाअखेरीस त्याने तो शब्दांतही मांडला. शिजलेली गाठ, नको असलेल्या पाहुण्याने एकेक बोचके उचलून न्यावे तशी, हळूहळू आक्रसत चालली होती. खाकर थांबली. घसा मोकळा होता, आवाज तर कधी नव्हता इतका होता, आणि तो ज्या एका कानासाठी राखायचा तो कान आता कोणाचे ऐकणार नव्हता. घरी बायको जरा जपूनच भांडू लागली, कारण आता उत्तरे येत होती; पण मध्येच ते गप्प होत, आणि त्यांच्या गप्प बसण्यात पूर्वीची सवय नव्हती, नुसतीच पोकळी होती.

सहाव्या आठवड्यात, एका दुपारी, दादाचा निरोप आला. नाट्यगृह रिकामे होते. रंगमंचावर साफसफाईचा एकच दिवा जळत होता. दादा खिडकीपाशी उभा होता. हातात संहिता, कानावर पेन्सिल. आज तो एकाहत्तरच्याही वरचा दिसत होता.

"नाटक एकोणीस मिनिटं आधी संपतंय," तो म्हणाला. "लोक बाहेर जाऊन विचारतात, मध्यंतर आहे का. परवा पेपरात आलं, पूर्वीची खोली उरली नाही, म्हातारा धावतोय. मी मुद्दाम थांबून पाहिलं, इथे, खिडकीपाशी. तर पाचव्या रांगेतल्या एकानं मला पुढचं वाक्य सांगितलं."

कुजबुज्यांना हसू आले. ते त्यांनी आवरले नाही. ते मोठ्याने हसले आणि रिकाम्या खुर्च्यांनी ते हसू परत पाठवले.

"हस," दादा म्हणाला. "पण मला सांग, मी कुठे कुठे विसरायचो? किती वेळ विसरायचो? मला नाही रे आठवत. विसरणाऱ्याला कसं आठवेल? दिग्दर्शकाला मी सांगितलंय, तू नसशील तर मी नाही."

ही माफी होती की गरज, हे कुजबुज्यांना कळले नाही. कदाचित एकाहत्तराव्या वर्षी त्या दोहोंत फारसा भेद उरत नसावा. आपण हळूच हो म्हणून पडद्याआड जाऊन बसावे, अशा बेताने पाय आपोआप वळला. पण ते गेले नाहीत. ते पायऱ्या उतरून सभागृहात आले आणि पहिल्या रांगेत, अगदी मधल्या खुर्चीवर बसले. सव्वीस वर्षांत त्यांनी दादाचा चेहरा समोरून, काम करताना, कधी पाहिला नव्हता. चेहरा बरा होता. विस्मरणाला शोभेल असा होता.

"घ्या दुसऱ्या अंकापासून," ते म्हणाले.

दादाने दोन वाक्ये म्हटली. खिडकीकडे चार पावले टाकली. तिसरे वाक्य ओठांवर आले.

"थांबा."

दादा थांबला. मान किंचित झुकली, खांदे पडले. साफसफाईच्या दिव्याखालीदेखील कोणालाही वाटले असते की या माणसाचे काहीतरी कायमचे हरवले आहे.

"किती वेळ?" ओठ न हलवता त्याने विचारले.

"मी सांगेपर्यंत," कुजबुजे पहिल्या रांगेतून म्हणाले, आणि पाय लांब करून आरामात बसले.